नैराश्याची गोळी बदलताना : सेलूकरांसाठी खर्चाचा हिशेब

वर्ष-दीड वर्ष चांगली लागू पडलेली गोळी एकाएकी उतरल्यासारखी वाटते. पहाटे तीनला झोप मोडते, कामात लक्ष लागत नाही, माणसं नकोशी होतात. अशा वेळी सेलूतल्या घरांत सहसा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर गोळी परस्पर बंद केली जाते, नाहीतर ‘मोठ्या डॉक्टरला दाखवू’ म्हणत संभाजीनगर किंवा पुण्याची गाडी पकडली जाते. पहिलीत धोका आहे, दुसरीत नाहक पैसा जातो. गोळी बदलणं हे मानसोपचारतज्ज्ञांचं रोजचं काम आहे आणि ते परभणीतही नीट होतं.

गोळी ‘फेल’ गेली असं ठरवण्याआधी काही गोष्टी बघाव्यात, त्यांना पैसे पडत नाहीत. रोज घेतली जाते का? सोयाबीनच्या काढणीत, लग्नसराईत आठवड्यातून दोन-तीन खाडे सहज पडतात. डोस पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे का? तसं असेल तर डॉक्टर बहुधा आधी डोस वाढवतील, म्हणजे नवं औषध नाही आणि नवा खर्चही जवळपास नाही. दारू सुरू झाली आहे का? अंगदुखीसाठी मेडिकलमधून कोणत्या गोळ्या घेतल्या जातात? ट्रामाडॉल असलेली वेदनाशामकं नैराश्याच्या बहुतेक गोळ्यांबरोबर धोक्याची ठरू शकतात आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते. डॉक्टर विचारोत न विचारोत, हे आपण होऊन सांगावं.

तपासण्यांत पहिली थायरॉइडची. टीएसएचला खासगी लॅबमध्ये साधारण दोनशे ते चारशे रुपये लागतात. शाकाहारी घरात बी-12 बघणंही योग्य, पण ती महागडी तपासणी आहे, म्हणून डॉक्टरांनी लिहिली तरच करावी. ‘फुल बॉडी पॅकेज’च्या जाहिरातीला भुलू नये. कोणती गोळी लागू पडेल हे जनुकांवरून सांगणारी हजारो रुपयांची चाचणीही हल्ली विकली जाते. या टप्प्यावर तिची गरज नाही.

आता जायचं कुठे? सेलूच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथकं तालुक्याच्या रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी ओपीडी घेतात. सेलूचा वार कोणता, हे केसपेपरच्या खिडकीवर विचारून घ्यावं, वार चुकला तर फेरी वाया जाते. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी 2015 मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, म्हणून आशाताईंनाही या वाटेची माहिती असते. तालुक्यात काम भागलं नाही तर परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोनवरून गोळ्या मिळणार नाहीत, पण पुढे कुठे जायचं ते कळतं.

सरकारी वाटेची एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. एसिटालोप्रॅम आणि फ्लुओक्सेटिन ही दोन औषधं 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 प्रमाणे या यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी आरोग्य संस्थेत रुग्णाला मोफत मिळायला हवीत. पण आपली पहिली गोळी बहुधा एसिटालोप्रॅमच असते आणि बदलून दिलेली व्हेन्लाफॅक्सिन किंवा मिर्टाझापिन त्या खिडकीवर असेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘साहेब, इथे मिळेल अशी गोळी चालेल का?’ असं विचारण्यात लाज कसली? फ्लुओक्सेटिन जुनं आहे म्हणून हलकं ठरत नाही.

याला आधार आहे. अमेरिकेत चार हजारांहून अधिक रुग्णांवर ‘स्टार-डी’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. पहिल्या गोळीने पूर्ण बरे न झालेल्यांना तीन वेगवेगळ्या औषधांवर नेलं. तिन्ही गटांत साधारण चौघांपैकी एक जण पूर्ण बरा झाला आणि औषधा-औषधात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. या अभ्यासाच्या एकूण यशाच्या आकड्यांवर 2023 मध्ये आक्षेप घेतले गेले, पण महाग गोळी जास्त गुणकारी असते असं कोणीच दाखवलेलं नाही. डॉक्टर निवड करतात ती झोप, भूक, वजन, रक्तदाब आणि इतर औषधं बघून. रात्रभर डोळा लागत नाही आणि वजन उतरलंय, अशा माणसाला मिर्टाझापिन सोयीचं पडतं. आधीच लठ्ठ असलेल्या मधुमेह्याला तेच नको असतं.

खासगी दवाखान्यात परभणी-जालन्याकडे तपासणीची फी साधारण तीनशे ते सहाशे रुपये धरावी. नंबर लावतानाच दोन प्रश्न विचारावेत : फेरतपासणीची फी किती आणि किती दिवसांच्या आत आलं तर ती लागत नाही. रेल्वेचं साधं तिकीट एसटीपेक्षा स्वस्त पडतं. एसटीनेच जायचं असेल तर महिलांना आणि 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, 75 च्या पुढे प्रवास फुकट.

गोळ्यांच्या दरातली तफावत मात्र डोळे विस्फारणारी आहे. जनऔषधी केंद्रात एसिटालोप्रॅमसारखी गोळी दोन-तीन रुपयांत मिळते. नावाजलेल्या कंपनीची तीच गोळी दहा रुपयांच्या आसपास जाते. व्होर्टिऑक्सेटिनसारखी नवी गोळी घेतली तर एकीलाच वीस-तीस रुपये. जवळचं केंद्र आणि तिथला दर ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर दिसतो. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरात लिहायला सांगावं, ब्रँडच्या नावावर जनऔषधीवाला अडतो. एकदा एका कंपनीची गोळी मानवली की दर महिन्याला कंपनी बदलू नये. नाहीतर त्रास औषधाचा की बदललेल्या गोळीचा, हेच कळत नाही.

बदलाच्या काळात एक खर्च हमखास विसरला जातो. बऱ्याचदा जुनी गोळी हळूहळू कमी करत नवी हळूहळू वाढवतात, म्हणजे दोन-चार आठवडे दोन्ही विकत घ्याव्या लागतात. म्हणून नव्या गोळीची महिन्याची पाकिटं पहिल्याच दिवशी घेऊ नयेत, दहा-पंधरा दिवसांपुरतीच घ्यावी. मळमळीने ती बंद करावी लागली तर फोडलेलं पाकीट मेडिकलवाला परत घेत नाही. सुटी गोळी घेताना मुदतीची तारीख छापलेला तुकडा आपल्याकडे येईल असं बघावं, आणि बिल मागावंच.

आता तीन महिन्यांचा अंदाज. समजा सोबत एक माणूस घेऊन परभणीच्या खासगी दवाखान्यात चार फेऱ्या झाल्या. फी चारशेप्रमाणे 1,600 रुपये, प्रवास फेरीमागे तीनशे धरला तर 1,200, तपासण्या 500. हे 3,300 रुपये गोळी कोणतीही असो, लागणारच. गोळी रोज एक धरली तर जनऔषधीच्या दराने नव्वद दिवसांचे 270 रुपये, कंपनीच्या गोळीने 900, नव्या महागड्या गोळीने 2,250 च्या आसपास. बुडालेली मजुरी यात धरलेली नाही, आणि रोजंदारीवरच्या घराला तीच सगळ्यात जड जाते. काटकसर करायची ती गोळीच्या नावात करावी. फेरी चुकवून ती करू नये, कारण डोस जमवला जातो तो या फेऱ्यांमध्येच. स्वस्त गोळी घेऊन चारही फेऱ्या करणारा, महाग गोळी घेऊन एकदाच जाणाऱ्यापेक्षा पुढे राहतो, असं माझं मत आहे. आरोग्य विम्याकडून फार आशा ठेवू नये. कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो, पण बहुतेक पॉलिसींत ओपीडीचा खर्च मुळातच बसत नाही.

जुनी गोळी एकदम तोडली तर चक्कर, मुंग्या, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन सोडताना हा त्रास जास्त होतो. तो आजार उलटल्यासारखा वाटतो आणि घाबरून माणूस आणखी दोन डॉक्टर बदलतो, तो खर्च वेगळाच. दोन गोळ्या सोबत चालू असताना ताप, दरदरून घाम, हातपाय थरथरणं, जुलाब आणि गोंधळलेपण एकत्र दिसलं तर वाट न बघता 108 ला फोन करावा, रुग्णवाहिका मोफत आहे. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णात, अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात. कापसाच्या घरात फवारणीचं औषध असतंच. तेवढे दिवस ते शेजारी किंवा भावाकडे कुलपात ठेवावं, आणि घरातल्या गोळ्यांचा साठाही दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यावा.

नव्या गोळीला पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. लागू पडली तर बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात, आजार वारंवार उलटलेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. म्हणून पहिल्या महिन्याच्या बिलावरून गोळी ठरवू नये. वर्षाचा आकडा काढावा. तीन रुपयांची गोळी वर्षाला अकराशेच्या आत बसते, पंचवीस रुपयांची नऊ हजारांवर जाते. हा आकडा कागदावर लिहून पुढच्या फेरीत डॉक्टरांसमोर ठेवावा आणि याच दर्जाचं स्वस्त औषध आहे का ते विचारावं.