बहुमत व सत्य : एका जुन्या बोलपटावरील मतांचा अभ्यास

'बोलपट कसा होता?' असें कोणी विचारलें, तर आपण बहुधा एका शब्दांत उत्तर देतों : 'छान' किंवा 'टाकाऊ'. ह्या एका शब्दानें बोलपटाविषयीं किती सांगितलें जातें व सांगणाराविषयीं किती, ह्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. मत देणें सोपें आहे. मताची पारख करणें ही शिकावी लागणारी विद्या आहे. तिचा थोडासा परिचय व्हावा म्हणून आम्ही येथें एक जुना अमेरिकन बोलपट उदाहरणादाखल घेत आहों. आपल्याकडे तो फारसा कोणास ठाऊक नाहीं. त्याचें नांव 'दि ऑक्स-बो इन्सिडेंट'.

हा बोलपट इ. स. १९४३ मध्यें प्रदर्शित झाला. वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क ह्यांच्या इ. स. १९४० मधील कादंबरीवर तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शक विल्यम वेलमन हे होत. हेन्री फोंडा, डेना अँड्र्यूज व अँटनी क्विन ह्यांच्या त्यांत प्रमुख भूमिका आहेत. अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशांतील गुराखी, घोडेस्वार व नव्यानें वसलेलीं गांवें ह्यांच्या कथांस 'वेस्टर्न' म्हणतात. हा बोलपट त्याच जातीचा, पण त्या जातीची रीत मोडणारा आहे.

कथा इ. स. १८८५ मधील नेव्हाडा राज्यांत घडते. किंकेड नांवाच्या गुरांच्या मालकाचा खून होऊन त्याचीं जनावरें चोरीस गेलीं, अशी बातमी एका लहान गांवांत येऊन थडकते. शेरीफ, म्हणजे तेथील मुख्य पोलीस अधिकारी, परगांवीं गेलेला असतो. डेव्हीस नांवाचा वृद्ध दुकानदार 'कायद्यानें चला' म्हणून परोपरीनें विनवितो. पण खवळलेली मंडळी घोड्यांवर बसून निघते. मेजर टेटली हा तिचा पुढारी होतो. रात्रीं ऑक्स-बो नांवाच्या दरींत त्यांना तीन वाटसरू आढळतात. त्यांच्यापाशीं किंकेडचीं जनावरें असतात, पण खरेदीची पावती नसते. एकाजवळ किंकेडचें पिस्तूल सांपडतें. तिघांस फांशी द्यावें कीं चौकशीसाठीं गांवांत न्यावें, ह्यावर मतें घेतलीं जातात. चौकशीच्या बाजूनें अवघे सातजण उभे राहतात. पहाटे तिघांसही फांसावर लटकावण्यांत येतें. परततांना वाटेंत शेरीफ भेटतो व सांगतो कीं, किंकेड जिवंत आहे, आणि त्याच्यावर गोळी झाडणारे पकडलेही गेले आहेत.

आतां ह्या बोलपटाविषयींचीं मतें पाहूं. एक पक्ष म्हणतो, 'ह्यांत ना धडाक्याची झुंज, ना शूर नायक. सव्वा तास नुसती उदासी.' ह्या विधानांतील वस्तुस्थिति खरी आहे. परंतु तेवढ्यानें दोष सिद्ध होत नाहीं. आंब्याच्या झाडाखालीं उभें राहून नारळ मिळाला नाहीं अशी तक्रार करणाऱ्यास आपण काय म्हणूं? येथें प्रेक्षकानें आपली अपेक्षा सांगितली; कृतीचें मोल सांगितलें नाहीं.

दुसरें मत असें कीं, दरी व तेथील झाड हीं खरीं न वाटतां चित्रशाळेंत उभारलेलीं वाटतात. हें निरीक्षण आहे, आणि तें कोणासही स्वतःच्या डोळ्यांनीं पडताळून पाहतां येतें. बोलपटाचा बराच भाग चित्रशाळेंतच घेतलेला आहे. मात्र त्याच गोष्टीवरून दुसरा प्रेक्षक म्हणतो कीं, त्या कोंदट देखाव्यामुळेंच सुटकेला वाट नसल्याचा भास होतो. निरीक्षण एक, अनुमानें दोन! यास्तव निरीक्षण व अनुमान हीं नेहमीं निरनिराळीं ठेवावीं.

तिसरें मत नायकाच्या पूर्वीच्या प्रेयसीच्या प्रसंगाविषयीं आहे. ती वाटेंत अकस्मात् भेटते व निघून जाते. हा प्रसंग उपरा आहे असें पुष्कळांस वाटतें. ह्याची कसोटी सोपी आहे. तो प्रसंग मनांतल्या मनांत वगळून पाहावा. कथेचा एकही दुवा तुटत नाहीं. तेव्हां ह्या मतास आधार आहे असें आम्हांस वाटतें.

सर्वांत अधिक वाद शेवटच्या पत्राविषयीं आहे. फांशी गेलेल्या एकानें मरणापूर्वीं पत्नीस लिहिलेलें पत्र नायक आपल्या सोबत्यास वाचून दाखवितो. मूळ कादंबरींत त्या पत्राचा मजकूर वाचकास कळत नाहीं. बोलपटांत तो ऐकूं येतो. कोणी म्हणतात, हा उपदेश झाला; दोरावर लोंबणारीं तीन शरीरें जें बोललीं, त्यावर शब्दांची भर कशाला? कोणी म्हणतात, हाच बोलपटाचा कळस. उभय पक्षीं तथ्य आहे. मात्र एक बारकावा ध्यानांत घ्यावा : पत्र वाचतांना नायकाचे डोळे सोबत्याच्या टोपीच्या कडेआड झांकलेले दिसतात. डोळे न दिसल्यामुळें आपण चेहऱ्यावरील भाव न पाहतां शब्द ऐकतों. पत्रास उपदेश म्हणणाऱ्यानेंही ह्या योजनेचा विचार करून मगच निवाडा द्यावा.

बहुसंख्य प्रेक्षकांनीं त्या काळीं ह्या बोलपटाकडे पाठ फिरविली. त्यास पैसा मिळाला नाहीं. उत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याची निवड झाली होती, पण तें पारितोषिक 'कॅसाब्लँका'स मिळालें. पुढें इ. स. १९९८ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचींत जतन करण्यायोग्य कृति म्हणून त्याचा समावेश झाला. बोलपट तोच, मतें मात्र पालटलीं.

आणि येथेंच ह्या अभ्यासाचें मर्म आहे. दरींतील त्या मंडळीनें काय पाहिलें होतें? जनावरें, पावतीचा अभाव व एक पिस्तूल. किंकेडचें प्रेत त्यांपैकीं एकानेंही पाहिलेलें नव्हतें. खून हें त्यांचें अनुमान होतें. संताप ही त्यांची अपेक्षा होती. आणि बहुमत हाच त्यांचा पुरावा होता. बोलपटावरील चुकीच्या मतानें कोणाचा प्राण जात नाहीं. पण मत बनविण्याची संवय तीच असते. हेन्री फोंडा चौदा वर्षांचे असतांना, इ. स. १९१९ मध्यें, ओमाहा शहरांत विल ब्राऊन ह्या कृष्णवर्णीय माणसास जमावानें ठार केलें. वडिलांच्या छापखान्यांतून तो प्रकार त्यांनीं स्वतः पाहिला होता. आपल्या महाराष्ट्रांतही इ. स. २०१८ मध्यें धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारे आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी जमातीच्या पांच निरपराध माणसांस जमावानें ठार मारलें. अफवा आतां घोड्यावरून येत नाहीं. ती खिशांतील दूरध्वनींतून येते. भेद इतकाच.

विद्यार्थ्यांनीं पुढील अभ्यास अवश्य करावा. पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाविषयीं वहींत तीन रकाने आंखावे : मीं प्रत्यक्ष काय पाहिलें, मला काय हवें होतें, आणि त्यावरून मीं काय ठरविलें. नंतर तोच अभ्यास शेजाऱ्याविषयीं ऐकलेल्या एखाद्या वार्तेसंबंधीं करावा. पालकांनींही मुलांसमवेत बसून हे रकाने भरावे, अशी आमची विनंति आहे. पहिला रकाना कोरा राहिला, तर तिसऱ्यांत कांहींएक लिहूं नये.