गाळ्याची किल्ली देण्याआधी

पोरी, कामोठ्यातला आपला पोळीभाजीचा गाळा आता तू चालवणार. भाडेकरार, गॅसची कागदपत्रं, एफएसएसएआयची नोंदणी असं सगळं तुझ्या भावाने फाइलला लावून दिलंय. फाइलला लावता येत नाही तेवढं मी सांगते. पटलं नाही तर तोंडावर सांग. आत्याशी वाद घातलास म्हणून मला राग येणार नाही.

दर्शनी भिंतीवर ‘आमचं ध्येय’ आणि ‘आमची मूल्यं’ असा फलक लावायचाय म्हणालीस. जरूर लाव. फक्त रंगाऱ्याला बोलावण्याआधी एका कोऱ्या कागदावर लिहून काढ, की चांगले पैसे मिळत असले तरी आपण काय करणार नाही. आपल्या गाळ्यात दुपारची भाजी संध्याकाळी नवी फोडणी देऊन कधी विकली गेली नाही. कमी तेल, कमी मीठ सांगितलेल्या आजाऱ्याच्या डब्यात, कोण बघतंय म्हणून मोठ्या पातेल्यातलं वाढलं नाही. आणि गल्ल्यात काही उरो न उरो, पगार सात तारखेच्या पुढे गेला नाही. हे पाळताना पैसे गेले, म्हणून त्यांना मी मूल्यं म्हणते. गिऱ्हाइकाशी हसून बोलणं चांगलंच आहे, पण त्याला दमडी लागत नाही. फलकावर जागा थोडी असते, ती झीज सोसावी लागते अशा गोष्टींना दे.

आता ध्येय. मानसरोवर स्टेशनवर रात्री हार्बरच्या गाडीतून उतरणारी बाई डोळ्यांसमोर आण. तास-सव्वा तास उभी राहून आलेली असते. घरी जाऊन कणीक मळायचं त्राण तिच्यात नसतं. एमजीएम रुग्णालयात माणूस ठेवलेलं कुटुंब आठव, लांबून आलेलं, कामोठ्यात ओळखीचं कुणी नसलेलं. रात्रपाळीची नर्स, खोली करून राहणारा विद्यार्थी, तळोजा एमआयडीसीतला कामगार. या माणसांना वेळेवर, ताजं आणि परवडेल असं जेवण मिळावं, एवढ्यासाठी आपला तवा पेटतो. लग्नसराईत कुणीतरी पुऱ्यांची मोठी ऑर्डर घेऊन येईल, पैसे आगाऊ देईल. त्या संध्याकाळी रोजचे डबे उशिरा जाणार असतील तर हात जोडून नाही म्हण. आपण कुणासाठी उभे आहोत हे आधी ठरलेलं असलं की असं नाही म्हणायला रात्रभर जागावं लागत नाही.

लिज्जत पापडची गोष्ट तुला अर्धीमुर्धी माहीत असेल, पण आता ती धंदेवाईक नजरेने पुन्हा बघ. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर 7 बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी 4 पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या व्यापाऱ्याला विकली. बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं, की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. पुढे त्या दोन प्रतींचे पापड करू लागल्या, एक चांगला आणि एक स्वस्त. तेव्हा छगनबाप्पांनी सल्ला दिला, की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. नव्या धंद्यात स्वस्त प्रत बंद करायची म्हणजे मिळणारं गिऱ्हाईक सोडायचं. त्यांनी ते सोडलं.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम 4 महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह ठेवायचा. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडते ती ही खाट. ओला पापड पाकिटात भरायचा नाही हे ठरलेलं होतं, म्हणून पावसात पापड सुकवायचा उपाय शोधावा लागला. तत्त्व ढिलं असतं तर खाटेची गरजच पडली नसती. आज त्या संस्थेत 40 हजारांहून जास्त बहिणी आहेत. ‘बहीण’ हे तिथलं सभासदाचं नाव आहे. मळलेलं पीठ केंद्रावरून घरी न्यायचं, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. नफा-तोटा सगळ्या बहिणींचा. स्थापनेच्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

तुझी मैत्रीण गाळ्यात पैसे घालायला तयार आहे म्हणालीस. घे, पण उसने म्हणून घे, परत द्यायची तारीख लिहून दे. भागीदार करायचीच असेल तर आपण काय करणार नाही हे लिहिलेल्या त्या कागदावर आधी तिची सही घे. पैसे आल्यानंतर तत्त्वांवर बोलणी करायला बसशील तर तुझा आवाज बारीक होईल.

तुझी आजी परळला गिरणी कामगारांना जेवण घालायची, हे तुला ठाऊक आहे. महिन्याच्या बोलीवर जेवणारे ते गडी, वाण्याकडची उधारी आणि अडीनडीला सावकार, अशी सगळ्या खाणावळवाल्यांची कहाणी होती. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अशा बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या दारात नेलं. तोवर या बायकांच्या कामाला कुणी धंदाच मानत नव्हतं, मग कर्ज कोण देणार! पुढे मंडळाचं केंद्र आपल्या वाशीतही झालं. एकदा तिथे जाऊन ये. पोळ्या लाटणाऱ्या बाईला कसं वागवायचं, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा अशा ठिकाणी लवकर कळतं.

आता आपल्या बायकांकडे वळते, कारण गाळा त्यांच्या हातावर चालतो. काहीजणी कामोठे गावातल्या आहेत. सिडको 1970 साली स्थापन झाली, त्यानंतर त्यांच्या सासरच्या शेतजमिनी नव्या शहरासाठी गेल्या. आज आपण ज्याला सेक्टर म्हणतो तिथे त्यांच्या घरच्यांनी भात लावलेला आहे. बाकीच्या सातारा-सांगलीकडून, कोकणातून, मराठवाड्यातून पोटामागे आलेल्या. आधी ‘गाववाल्या’ आणि ‘बाहेरच्या’ असे दोन घोळके होतील. तू त्यात पडू नकोस, पण जोड्या लावताना एक गावातली आणि एक बाहेरची अशी लाव. तांदळाची भाकरी थापावी तर आगरी बाईने, हे इतर जणींना तिच्या शेजारी बसल्यावर आपोआप समजतं. मग भाकरी फळ्यावर लागते आणि तिचा दर थापणारीच्या हातच्या कौशल्यावर ठरतो.

पगाराची वही उघडी ठेव. मळणारीला काय, लाटणारीला काय, डबे पोचवणाऱ्या मुलाला काय, हे सगळ्यांना माहीत असू दे. चोरून एकीला वाढवलंस की दुसऱ्या दिवशी लाटण्याच्या आवाजातच तुला कळेल. उचल मागितली तर दे, पण दोघींच्या सह्या वहीत हव्यात, तुझी आणि तिची.

गिऱ्हाईक यायच्या आधी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, तूही त्याच पातेल्यातलं. भाजी बिघडली असेल तर तिथेच समजते, आणि सात-आठ तास उभ्या राहणाऱ्या बाईच्या पोटात काहीतरी जातं. बसायला स्टुलं ठेव. पाण्याची बोंब झाली की आपल्याकडे टँकर मागवावा लागतो, त्या दिवशी भांडी घासणारीला आधी विचार, की काय कमी करू. मालकिणीने परस्पर ठरवलं की सगळा भार तिच्या कमरेवर जातो. पोळी करपली तर करपली, बाजूला काढ. करपलेल्या पोळीचे पैसे कापणाऱ्या एका गाळ्यात मी पाहिलंय, बायका करपलेली बाजू खाली लपवून डब्यात घालायच्या. दंडाने चूक थांबत नाही, गिऱ्हाइकाच्या ताटात जाते.

सुट्टीचं मुंबईच्या डबेवाल्यांकडून शीक. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेलं ते काम. वक्तशीरपणासाठी जग त्यांना ओळखतं, आणि तेच लोक दर वर्षी गावच्या जत्रेसाठी काही दिवस डबे बंद ठेवतात, गिऱ्हाइकांना आधी कळवून. सुट्टी घेतली म्हणून कुणी त्यांना सोडून जात नाही. आपल्याही बायकांना गौरी-गणपतीला गावी जायचंच असतं. श्रावणातच फळ्यावर तारखा लिही. नर्सना आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांना मात्र त्या दिवसांसाठी दुसरीकडे सोय लावून दे, नाव-पत्ता तूच काढून दे. गिऱ्हाईक तिकडेच राहील अशी भीती बाळगू नकोस.

एक गोष्ट लाजून टाळू नकोस. डबे पोचवताना किंवा गाळ्यातच कुणा बाईशी कुणी वावगं वागलं, तर तो कितीही जुना गिऱ्हाईक असो, त्याचा डबा त्याच दिवशी बंद. 2013 च्या कायद्यानुसार दहा माणसं कामावर असली की तक्रार समिती नेमावीच लागते. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आपला जिल्हा रायगड, हे बायकांना सांगून ठेव. नवी मुंबई म्हणता म्हणता ठाण्याला खेटे घालतील बिचाऱ्या.

आणि घरच्यांना सवलत नाही. तुझा भाऊ गल्ल्यावर उशिरा आला तर तोच नियम, जो लाटणारीला. बायका तुझा फलक वाचणार नाहीत, त्या भावाला काय म्हणतेस ते बघतील.

सोमवारी सकाळी तवा पेटवायच्या आधी जुन्या जणींना बसव. तू लिहिलेला कागद त्यांना वाचून दाखव आणि यातलं काय जमणार नाही ते विचार. मळणारी मावशी पहिल्यांदा काही बोलणार नाही, तिला थोडा वेळ दे. ती जे खोडायला सांगेल ते खोड, जे घालायला सांगेल ते तिच्याच शब्दांत घाल. रंगाऱ्याला मंगळवारी बोलाव.