तूर वांझ का राहते?

नोव्हेंबर-डिसेंबरात तुरीच्या शेताकडे गेलात तर बांधावर जरा थांबून पाहा. सारे पीक पिवळ्या फुलांनी आणि शेंगांनी लगडलेले असते. पण मध्येच एखादे झाड नुसतेच हिरवे, झुडपासारखे गच्च दिसते. पाने लहान, त्यांवर गर्द व फिक्या हिरव्या रंगांची नक्षी. फूल नाही, शेंग नाही. हाच तुरीचा 'वांझ रोग'. रोप दीड महिन्याचे होण्याआधी तो लागला, तर त्या झाडाचे उत्पन्न जवळजवळ बुडालेच म्हणून समजा.

या रोगाची पहिली नोंद १९३१ साली बिहारमधील पुसा येथून झाली. बुरशी किंवा जीवाणू सापडेनात. मात्र रोगट फांदीचे कलम निरोगी झाडावर बांधले की तेही वांझ होई. तेव्हा कारण बहुधा विषाणू असावा, असे ठरले. हा 'बहुधा' पुढे कित्येक दशके टिकला!

विषाणूची नेहमीची परीक्षा सोपी आहे. रोगट पान कुटायचे आणि त्याचा रस निरोगी पानावर चोळायचा. तंबाखूच्या केवडा रोगात एवढे पुरते. तुरीत मात्र रस चोळून रोग होईना. मग तो शेतात पसरतो कसा? १९६२ साली सेठ यांनी गुन्हेगार दाखवून दिला: सुमारे पाव मिलिमीटरहूनही लहान, पानाच्या खालच्या बाजूस राहणारा, वाऱ्याबरोबर उडत जाणारा एक कोळी. कोळी म्हटले की आठ पाय आठवतात. याला चारच असतात.

आता एक शंका घ्या. कदाचित विषाणू नसेलच, कोळ्याच्या लाळेतले विषच झाड बिघडवत असेल? याचा निर्णय कसा लावाल? पुढे वाचण्यापूर्वी विचार करा.

संशोधकांनी रोगाचा संपर्क नसलेले कोळी वाढवले आणि निरोगी तुरीवर सोडले. त्यांनी रस शोषला, पण रोग झाला नाही. तसलेच कोळी थोडा वेळ रोगट पानावर ठेवून मग निरोगी रोपावर सोडले, तर रोग झाला. अंड्यांतूनही तो पुढच्या पिढीत जात नाही. म्हणजे कोळी हा केवळ हमाल, माल दुसऱ्याचाच.

कोळ्याचा हा स्वभाव ओळखून हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील नेने व रेड्डी यांनी १९७६ साली एक झकास युक्ती प्रसिद्ध केली. रोगट पान दुमडून कोवळ्या रोपाच्या पानावर चक्क स्टेपलरने टाचायचे! ते सुकू लागले की कोळी आपणहून ताज्या पानावर जातात. रोगप्रतिकारक वाण निवडण्यासाठी हजारो रोपे अशी तपासता आली.

खुद्द विषाणू हाती लागला तो २००० सालच्या सुमारास. तो झाडात थोडा असतो आणि रसात लवकर नासतो, म्हणून हा उशीर. ताजा रस चोळून तंबाखूच्या एका रानटी भाईबंदात त्याची लागण करता आली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ३ ते १० नॅनोमीटर जाडीचे वेडेवाकडे धागे दिसले. त्यांतील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, आणि रोगट झाडे रसायनाच्या साहाय्याने ओळखता येऊ लागली. तरीही २००३ सालच्या निबंधात संशोधकांनी 'रोगाशी निकटचा संबंध असलेला विषाणू' एवढेच म्हटले. शुद्ध केलेला विषाणू तुरीत घालून रोग उत्पन्न करता आला नव्हता ना! शास्त्रातला हा काटेकोरपणा मला मोठा वाटतो. पुढे या रोगाशी संबंधित असे एक नव्हे, दोन विषाणू असल्याचे आढळले.

हा रोग बियांतून पसरत नाही. मग उन्हाळ्यात, शेते मोकळी असताना, तो राहतो कोठे? परसातल्या किंवा बांधावरच्या जुन्या तुरीवर. यंदा मे महिन्यात आपल्या गावात अशी झाडे किती उभी आहेत, ते मोजा. आणि त्यांच्या पानांची खालची बाजू शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पाने आणताना मात्र पिशवीत बंद करून आणा.