गाडी घेताना तारे कसे वाचावेत?

कापडाचे थान घेताना आपण पोत बोटांनी तपासतो, लाकूड घेताना गाठ पाहतो. परंतु आठ-दहा लाखांची छोटी एसयूव्ही घेताना मात्र रंग, मायलेज आणि हप्ता एवढेच विचारतो. ज्या गाडीत सकाळी माल आणि संध्याकाळी बायको-मुले बसतात, तिची मजबुतीही तपासायला हवी. त्यासाठी ‘तारे’ कसे मिळतात ते आपण समजून घेऊ.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात ‘भारत एनकॅप’ ही योजना सुरू झाली. ती कंपन्यांना ऐच्छिक आहे. तीत तीन मुख्य चाचण्या होतात. पहिलीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरील अडथळ्यावर आदळवतात. गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भागच धडकतो. दुसरीत ताशी ५० किलोमीटर वेगाने बाजूने धडक देतात. तिसरीत गाडी ताशी २९ किलोमीटर वेगाने बाजूने खांबावर आदळते. आत माणसांच्या व मुलांच्या मापाचे पुतळे बसवून डोके, छाती व पायांवरील आघात मोजतात.

प्रौढांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ गुण असतात. पाच तारे मिळण्यास अनुक्रमे किमान २७ व ४१ गुण लागतात. हे दोन हिशेब वेगळे आहेत, हे विसरू नये. टाटा नेक्सॉनचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत तिला प्रौढांसाठी पाच तारे मिळाले, पण मुलांसाठी तीनच. पुढे २०२४ मध्ये ‘भारत एनकॅप’मध्ये तिने दोन्हीकडे पाच तारे मिळविले. म्हणून जुनी गाडी घेताना ती कोणत्या सालची आणि चाचणी कोणत्या सालची, हे दोन्ही विचारावे. नव्या मॉडेलचे तारे जुन्या मॉडेलला लागू होत नाहीत.

आता तारे काय सांगत नाहीत ते पाहू. चाचणीत पुतळ्यांना पट्टा बांधलेला असतो आणि मुले त्यांच्या खास आसनात असतात. मांडीवर बसलेल्या मुलाला ते तारे वाचवीत नाहीत. वेगाचेही तसेच. ताशी ९० ला धडकेची ताकद ६४ च्या जवळजवळ दुप्पट होते.

व्यापाऱ्यांनी मालाकडे विशेष लक्ष द्यावे. मागे सुटी ठेवलेली २० किलोची खिळ्यांची पेटी ताशी ६४ च्या धडकेत ज्या जोराने पुढे येईल, तो जोर सुमारे १६ मीटर उंचीवरून, म्हणजे पाचव्या मजल्याच्या आसपासहून पडलेल्या पेटीइतका असतो. पुढे मुलगा बसला असेल तर? माल तळाशी, आसनाला टेकवून, दोरीने आवळून ठेवावा. आसनात एअरबॅग असेल तर तिच्यावर साधे कव्हर चढवू नये. बंपरपुढे लोखंडी गार्डही लावू नये. त्यास केंद्र शासनाने २०१७ मध्येच मनाई केली आहे.

थोडक्यात, सौदा करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: चाचणी कोणत्या सालची? मुलांचे तारे किती? आणि आपण घेत आहोत त्या प्रकारात एअरबॅग किती? विक्रेत्याने उत्तर टाळले तर आपणही बयाणा देण्याची घाई करू नये. दोन-चार हजारांची सूट पुन्हा मिळेल. घरचा माणूस मिळणार नाही.