गुडघा दुखतोय? धावणं सोडू नका, बेतानं घ्या

थंडी पडली की कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कडेनं आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारात धावणाऱ्यांत नवे चेहरे दिसू लागतात. थोड्याच दिवसांत त्यांतल्या अनेकांची एकच तक्रार सुरू होते: गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, जिना उतरताना जास्त, बराच वेळ मांडी घालून बसलं तरी जाणवतं. अशा वेळी बहुधा गुडघा झिजलेला नसतो. स्नायूंची तयारी होण्याआधीच अंतर वाढवलेलं असतं. म्हणून उपायही दोनच: धावणं मोजून, ताकद वाढवून.

काय करावे

1. दुखण्याला 0 ते 10 असे गुण द्या. 3 पर्यंत असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखा असेल, तर थोडं धावायला हरकत नाही. त्यापुढे गेलं, तर त्या दिवशी फक्त चाला.

2. धावणं-चालणं आलटून पालटून करा. 1 मिनिट धावा, 2 मिनिटं चाला. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दुखणं आटोक्यात आलं की आधी अंतर वाढवा, वेग नंतर.

3. पावलं आखूड आणि भरभर टाका. मिनिटाला 160 पावलं पडत असतील तर 168 ते 176 करून बघा. पाय लांब फेकला जात नाही, शरीराच्या जवळ पडतो आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो.

4. मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करा. खुर्चीवर सावकाश बसणं-उठणं, पायरीवर चढणं-उतरणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. प्रत्येकी 10 ते 12 वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा. फरक पडायला 6 ते 12 आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

5. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर रोज त्याच कडेनं, त्याच दिशेनं धावू नका. जमेल तेव्हा सपाट मैदान गाठा.

6. शूज पायाला आरामात बसणारे घ्या. महाग म्हणजे गुडघ्याला चांगले, असं नसतं.

काय टाळावे

1. वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका. दुखणं दबतं, कारण तसंच राहतं. शिवाय घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतात.

2. दुखऱ्या गुडघ्यानं तालमीतल्या पूर्ण बैठका मारू नका. ‘रोज दोनशे मार, गुडघा लायनीवर येतोय बघ,’ असा सल्ला कोल्हापुरात फुकट मिळतो. पैलवानानं त्या वर्षानुवर्षं चढवत नेलेल्या असतात. तुम्ही सध्या खुर्चीच्या उंचीपर्यंतच वाका.

3. जोतिबा किंवा पन्हाळ्याचा घाट इतक्यात नको. चढाला दम लागतो, पण वाटीवरचा खरा ताण उतारावर येतो.

4. खंड पडला म्हणून रविवारी एकदम दहा किलोमीटर धावून भरपाई करू नका. बहुतेक गुडघे इथंच बिघडतात.

5. नी-कॅप घातली म्हणून अंतर वाढवू नका. तिनं आधार वाटतो, स्नायू बळकट होत नाहीत.

6. स्वतःच्या मनानं एमआरआय काढू नका. चाळिशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही काही ना काही बदल दिसतात आणि उगाच धास्ती बसते.

7. ‘धावून गुडघे झिजतात’ या बोलण्याला घाबरू नका. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांत खुब्याची किंवा गुडघ्याची झीज हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्के, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांपैकी 10.2 टक्के जणांत आढळली. स्पर्धात्मक धावपटूंत मात्र ती 13.3 टक्के होती.

डॉक्टरांकडे कधी जावे

गुडघा सुजला, अडकला, चालताना अचानक दगा देऊ लागला, पायावर भार घेता येईना, किंवा सांधा लाल-गरम होऊन ताप आला, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. पडून किंवा मुरगळून सुरू झालेलं दुखणंही लगेच दाखवा. एरवी दोन-तीन आठवडे भार कमी करूनही उतार नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला भेटा. खाजगीत परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे.

शर्यती दरवर्षी होतात. यंदा दहाऐवजी पाच किलोमीटरला नाव द्या, पण मित्रांच्या ईर्षेनं दुखरा गुडघा पळवू नका.