कुलकुलं मऊ का पडतात?

प्रश्न : नाताळसाठी आठवडाभर आधी केलेली कुलकुलं दोन दिवसांतच मऊ पडतात. काय चुकतं? – एक वाचक, वसई

उत्तर : बहुतेक वेळा चूक आचेची असते. मोठ्या आचेवर कुलकुलं बाहेरून लगेच लाल होतात, पण आत, पिठात घातलेल्या नारळाच्या दुधाचा ओलावा राहतो. तोच पुढे घात करतो. मंद आचेवर, थोडी थोडी तळा. एक मोडून पाहा, आतपर्यंत खुटखुटीत हवं. काट्याच्या चमच्यावर पीठ पातळ दाबूनच वळा. आणि वळायला मुलांना शेजारी बसवा, वेडीवाकडी झाली तरी चालतील! गोव्यात शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या नाताळच्या ताटात दोदोल, नेवऱ्यांसोबत अशीच घरची कुलकुलं असतात. पूर्ण गार झाल्याशिवाय मात्र डब्याचं झाकण लावू नका.