तुमच्या नव्हे, त्यांच्या मशीनवर

पतसंस्था, दूध डेअऱ्या, हाउसिंग सोसायट्या यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये सॉफ्टवेअर करून देणं हा माझा व्यवसाय. प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा तो दहा ठिकाणच्या दहा तऱ्हेच्या ऑफिसवर चालता ठेवणं जास्त कष्टाचं. नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

१. गिऱ्हाइकांपैकी ज्याच्याकडे सर्वांत जुनं अ‍ॅक्सेस असेल, त्याच व्हर्जनवर फाइल तयार करा. जुन्यावर केलेलं नव्यावर बहुतेक वेळा चालतं. नव्यावर बनवलेली एसीसीडीई (कोड कंपाइल करून बंद केलेली) फाइल मात्र जुन्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडतच नाही.

२. सर्वांत जास्त छळतात ते रेफरन्स. समजा, एक्सेलची लायब्ररी जोडलेली फाइल कुणी नव्या ऑफिसमध्ये उघडली. अ‍ॅक्सेस तो रेफरन्स गुपचूप नव्या लायब्ररीकडे वळवतं. तीच फाइल जुन्या मशीनवर परत गेली, की तिथे ‘मिसिंग’. मग फोन येतो : ‘‘साहेब, काल चालत होतं, आज पावतीच निघत नाही.’’ कोड उघडावा, तर एरर ‘डेट’सारख्या साध्या फंक्शनवर! एक्सेलचा तिथे संबंधही नसतो, म्हणून नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो. यावर पक्का उपाय लेट बाइंडिंग. रेफरन्स काढून टाकायचा, व्हेरिएबल ‘ऑब्जेक्ट’ म्हणून घ्यायचं आणि ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने एक्सेल सुरू करायचं. एक्सेलचे कॉन्स्टंट मग ओळखले जात नाहीत, त्यांच्या जागी आकडे लिहावे लागतात, ‘एक्सएलअप’साठी -४१६२. टायपिंग वाढतं, पण रात्रीचे फोन थांबतात.

३. ऑफिस ३२ बिट की ६४, हे ऑर्डर घेतानाच विचारा. विंडोज ६४ बिट आहे म्हणजे ऑफिसही तसंच, असं नसतं. अ‍ॅक्सेस २०१० पासून दोन्ही प्रकार आहेत आणि २०१९ पासून न विचारता ६४ बिटच बसतं. ६४ बिटवर चालायला विंडोज एपीआयच्या डिक्लेअर ओळींत ‘पीटीआरसेफ’ हवं, पॉइंटरसाठी ‘लाँगपीटीआर’ हवं. एसीसीडीई मात्र दोन्हींसाठी वेगळी बनवावीच लागते.

४. ज्याच्याकडे अ‍ॅक्सेस नाही, त्याला प्रोग्रॅम चालवायला अ‍ॅक्सेसचं रनटाइम २००७ पासून फुकट मिळतं, ते जरूर द्या. पण त्यात न हाताळलेली एरर आली की प्रोग्रॅम सरळ बंद होतो. फाइलचं एक्स्टेन्शन एसीसीडीआर करून ती रनटाइमसारखी आपल्याकडेच आधी चालवून बघा.

५. टेबलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. प्रोग्रॅम बदलताना डेटाला हात लागता कामा नये.

६. व्हर्जन तेच असलं तरी अपडेट घात करतं. नोव्हेंबर २०१९ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर एकाच टेबलवर अट घालून चालणाऱ्या अपडेट क्वेऱ्या ३३४० क्रमांकाची एरर देऊ लागल्या : क्वेरी करप्ट आहे. क्वेऱ्या धडधाकट होत्या. २०१० पासून २०१९ पर्यंत सगळी अ‍ॅक्सेस त्यात सापडली. दुरुस्ती येईपर्यंत टेबलावर एक साधी सिलेक्ट क्वेरी करून तिच्यामार्फत अपडेट चालवणं, हा एक मार्ग होता.

७. म्हणून लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात व्हर्जन, बिल्ड नंबर आणि ३२ की ६४ हे दाखवा. नुसतं व्हर्जन पुरत नाही : २०१६, २०१९, २०२१ आणि ३६५ ही चारही स्वतःला १६.० च म्हणवतात. बिल्ड असला की डेअरीतला क्लार्क फोनवर तो वाचून दाखवतो आणि निम्मा शोध तिथेच संपतो.